धुराची हद्द

त्या दिवशी मी आठवीच्या मुलींना भूगोल शिकवत होते. फळ्यावर वर्धा आणि पूर्णा या दोन्ही नद्या काढून झाल्या होत्या, नावं घालायची तेवढी राहिली होती, इतक्यात शाळेचा शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला. एरवी तो चालता चालता निरोप फेकून पुढं जाणारा माणूस. त्याच्या मागं कोर्टातला एक पट्टेवाला होता आणि त्याच्या हातात भाऊची काळी कापडी पिशवी होती. ती पिशवी भाऊला सोडून कुठं जात नसे. मी खडू ठेवला आणि विचारलं, कुठं आहे तो? पट्टेवाला माझ्याकडं न बघता म्हणाला, "वकिलाईच्या बार रूममधी बसले होते बाई... बसूनच राहिले."

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, मनोहर. अकोल्याच्या कोर्टात त्याला 'धूरवकील' म्हणत. तोंडावर नाही, पण पाठ फिरायचीही फार वाट पाहत नसत. चाळिशीसुद्धा गाठली नाही त्यानं. मी जन्माची दमेकरी. दर हिवाळ्यात नातेवाईक माझ्याकडं बघून 'ही काही उन्हाळा पाहत नाही' असे उसासे टाकत आले. ती मी मागं राहिले, आणि ज्याला कधी धड पडसं झालं नाही तो गेला. याचा मला राग येतो. महिना उलटला, भेटायला येणाऱ्यांची रीघ आटली, तरी तो ओसरत नाही. हे लिहिणं त्या रागातलंच आहे, वाचकांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

आमचे बाबा अमरावतीला शाळामास्तर होते. घराणं काळ्या मातीतलं, शेती करणारं, पण बाबांनी गाव सोडलं ते पांढऱ्या कपड्यांच्या पायी, असं आमची माय थट्टेनं म्हणायची. त्यांचं धोतर रोज नीळ देऊन निघायचं आणि तांब्यात निखारे भरून माय त्याला इस्त्री करायची. शेजारच्या वकिलांच्या, भिक्षुकांच्या बायका ते वाळत घातलेलं धोतर बघून गप्प होतात, याचा तिला कोण अभिमान. मास्तरांचा पगार केवढा हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण धोतराला कोणी नाव ठेवू शकत नव्हतं. हे धोतराचं पुराण लावते आहे याला कारण आहे, पुढं येईलच.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. भाऊ अमरावतीत कायदा शिकत होता आणि मी मॅट्रिकच्या आसपास होते. बाकीची मुलं खुनाचे खटले आणि वाटण्यांचे दावे घोकायची. भाऊला गोडी लागली ती 'उपद्रव' या प्रकरणाची. शेजाऱ्याचा धूर, शेजाऱ्याची घाण, शेजाऱ्यानं अडवलेला वारा. हवा आणि उजेड यांचा हक्क माणसाला कायद्यानं मिळतो, हे त्यानं आम्हाला असं सांगितलं की जणू घरात गाय आली. मग कुठल्याशा जुन्या अहवालात त्याला दोन देशांचं एक भांडण सापडलं. सीमेच्या एका अंगाला धातू गाळायचा कारखाना, आणि त्याच्या धुरानं दुसऱ्या अंगाच्या शेतकऱ्यांची पिकं, झाडं करपत होती. लवाद बसला, आणि त्यानं सांगितलं की कोणत्याही देशाला आपली जमीन अशी वापरता येणार नाही, की तिथल्या धुरानं शेजारच्या देशाचं नुकसान होईल. जेवताना हे सांगताना भाऊचा घास हातातच राहिला होता. बाबा म्हणाले, म्हणजे हे बांधावरचंच भांडण झालं की. भाऊ म्हणाला, "बांध दिसते बाबा. धूर बांध पाहत नाई." मायनं त्याला भाकर निवून चालल्याची आठवण दिली आणि आंतरराष्ट्रीय कायदा तेवढ्यावर थांबला.

त्याच सुमारास एका इंग्रजी मासिकात त्यानं वाचलं, की दगडी कोळसा जाळून जो वायू होतो तो हवेत साठत चालला आहे आणि त्यानं सगळी पृथ्वी हळूहळू तापेल अशी काही शास्त्रज्ञांना शंका आहे. मित्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. मे महिन्यात अमरावतीत बसून पृथ्वी तापेल म्हणून सांगतोस, आणखी तापायची काय राहिली आहे? भाऊ हसला, पण त्याच्या डोक्यातून ते जाईना. समजा हे खरं निघालं, तर दावा कोणत्या कोर्टात टाकायचा? वादी कोण, प्रतिवादी कोण? चूल तर सगळ्यांचीच पेटते... वकिली सुरू झाल्यावर त्यानं बाहेरून एल्एल. एम.ला बसायचं ठरवलं आणि हाच विषय मागितला: धुराची हद्द, देशातल्या कायद्यात आणि देशादेशांमधल्या कायद्यात. मुंबई-कलकत्त्याच्या धुरासाठी इंग्रजांनी केलेले जुने कायदे होते, वऱ्हाडातल्या धुराला मात्र कायदा ओळखतच नव्हता. तिथून सुरुवात करून दोन देशांच्या त्या लवादापर्यंत जायचं, असा त्याचा बेत. वरून उत्तर आलं की असा विषय अस्तित्वात नाही, मालमत्तेच्या कायद्यातला एखादा घ्यावा. त्यानं घेतला नाही. पुढं कोणी एल्एल. एम.चं काय झालं विचारलं की म्हणायचा, "धूर हाये, विषय नाई." लोक हसायचे, तोही हसायचा. मी त्याची बहीण, मला त्याचं हसू खरं वाटत नसे.

बाबा गेल्यावर आम्ही अकोल्याला आलो. तिथं दादासाहेब म्हणून नामांकित वकील होते, त्यांच्या हाताखाली भाऊला जागा मिळाली. दादासाहेबांनी त्याला मुलासारखं वागवलं, हे मी आजही सांगेन. मला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. एका माडीवर आम्ही तिघं राहू लागलो, वर मोठी गच्ची आणि मागच्या अंगाला कापसातली सरकी काढायचं जुनं जिन. जिनाचा आम्हाला त्रास नव्हता. भोंग्यावर माय भाकरी टाकायची आणि हंगामात उडणारा कापूस खिडक्यांच्या जाळ्यांमधून काढून वाती वळायची. पण महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या हंगामात जिन एका नव्या शेठनं घेतलं, त्यानं आत तेलाची गिरणी घातली आणि तिच्यासाठी बॉयलर बसवला. सरकीची टरफलं आणि हलका कोळसा, आणि धुराडं आमच्या गच्चीहून जेमतेम उंच. दिवाळी ते होळी आमच्या घरात काजळी पडत होती. दुधावर पडायची, मुलींच्या वह्यांवर पडायची, आणि माझ्या छातीत तर घर करून बसली. त्या हिवाळ्यात मी उशाशी भिंत घेऊन बसल्या बसल्या झोपले. डॉक्टरांनी भाऊला बाजूला घेऊन सांगितलं, की असा आणखी एक हंगाम हिला झेपणार नाही. हिला गावाबाहेर काढा, नाहीतर तो बॉयलर बंद करा.

घर बदलायचं म्हटलं तरी आमच्या ऐपतीतली घरं त्याच धुरात होती. अमरावतीला नातेवाइकांकडं जायचं, तर माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. हंगामभर रजा मागितली की ती गेलीच. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून त्यांच्या पोरांचे पाढे घेणारी आश्रित बाई होण्यापेक्षा मी अकोल्यात गुदमरून मरेन, असं मी सांगून टाकलं होतं. तेव्हा मी फार ताडताड बोलायची. भाऊनं ऐकून घेतलं आणि म्हणाला की तिसरा रस्ता आहे, दावा.

अडचण अशी की शेठचं वकीलपत्र दादासाहेबांकडंच होतं. भाऊ त्यांच्याकडं गेला, पाया पडला आणि उद्यापासून मी ऑफिसात येणार नाही म्हणाला. दादासाहेबांनी त्याला बसवून घेतलं. धुराचासुद्धा वहिवाटीचा हक्क तयार होतो, जिन कित्येक वर्षांचं जुनं आहे, हे तुला मीच शिकवलं ना, असं ते म्हणाले. भाऊ म्हणाला, "जिन जुनं आहे दादासाहेब. बॉयलर नवा आहे." त्यावर दादासाहेब म्हणाले, बघ बुवा, मी कोर्टात हात राखून लढत नाही.

दसरा झाला, सरकीच्या गाड्या जिनात येऊ लागल्या. मूळ दाव्याचा निकाल लागायला वर्ष जाणार होतं. त्याआधी, हंगाम पुरता पेटायच्या आत, तात्पुरता मनाईहुकूम मिळवणं हाच एक उपाय. पण पुरावा काय? शेजारपाजारच्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी जिनात कामाला. साक्षीचं नाव काढलं की लोक माझ्या तब्येतीची चौकशी करायला लागायचे. मग भाऊनं एक युक्ती काढली. गिरणीवाल्यांनी बॉयलर चाचणीसाठी पेटवला की त्या दिवशी गच्चीवर एक पांढरं कापड अंथरायचं, चारी कोपऱ्यांना दगड ठेवायचे, दिवसभरानं दोन परक्या माणसांच्या समक्ष ते उचलून पंचनामा करायचा आणि तसंच्या तसं कोर्टापुढं ठेवायचं. एवढं मोठं, डाग नसलेलं कापड घरात एकच होतं... बाबांचं धोतर. मायनं ते त्यांच्यामागं पेटीत जपलं होतं. द्यायला तिचे हात उठेनात. सुमेच्या छातीचा प्रश्न आहे, असं भाऊ म्हणाला तेव्हा तिनं पेटी उघडली.

धोतर संध्याकाळपर्यंत राखेसारखं झालं. भाऊनं काजळी आत राहील अशी अलगद घडी घातली, पंचांच्या सह्या झाल्या, घडी पिशवीत गेली. दुसऱ्या दिवशी कोर्टात पेशी. मीही जाणार होते, आणि मायही म्हणाली मी येते, त्याईचं धोतर साहेबापुढं जाऊन राहिलं तर मी पाहीन. आम्हाला नवल वाटलं, पण भाऊला बरंही वाटलं. ती कोर्टाची पायरी पहिल्यांदाच चढत होती.

न्यायाधीश तरुण होते, घाटावरचे, नुकतेच बदलून आलेले. दादासाहेब आधी बोलले, आणि अप्रतिम बोलले. जुनी वहिवाट, गावाचा धंदा, मजुरांची पोटं, आणि एका बाईच्या मूळच्याच दुखण्यासाठी हे सगळं थांबवायचं काय? खरं सांगते, मी वादी नसते तर मला त्यांचं पटलं असतं. मग भाऊ उठला. शेजारी उपद्रव करतो तेव्हा कायदा काय म्हणतो ते त्यानं सांगितलं, वहिवाट जुन्या धुराची असेल, नव्याची नाही हे सांगितलं, आणि म्हणाला, आता मी बोलत नाही, हे कापड बोलेल. त्यानं पिशवीतून घडी काढली आणि न्यायाधीशांपुढच्या टेबलावर उलगडली.

धोतर पांढरंशुभ्र होतं. नीळ दिलेलं, कडक इस्त्रीचं.

मागच्या बाकांवरून हसण्याची लाट आली. भाऊचा हात धोतरावर तसाच राहिला. मी मायकडं बघितलं. ती प्रसन्न होती. पहाटे उठून तिनं ते धुतलं होतं, चुलीच्या उबेवर वाळवलं होतं, तांब्यात निखारे भरले होते, पोराच्या पिशवीत घडी परत ठेवली होती. दादासाहेब उठले. त्यांचा आवाजसुद्धा चढला नाही. वादीच्या गच्चीवर दिवसभर राहिलेलं कापड कोर्टानं पाहिलं आहे, मला यापुढं काही सांगायचं नाही, असं म्हणून ते खाली बसले. भाऊ दोन्हीकडून अडकला. आईनं धुतलं म्हणावं तर भर कोर्टात आईचं हसं. न म्हणावं तर बहिणीचा श्वास. माझी छाती तिथंच भरून यायला लागली...

मग माय उभी राहिली. लोक का हसताहेत ते तिला तेव्हा कळलं असावं. कोणी तिला शपथ दिली नव्हती, कोणी विचारलंही नव्हतं. पदर डोक्यावर नीट घेऊन ती थेट न्यायाधीशांना म्हणाली, "साहेब, म्या धुतलं ते. मास्तरचं धोतर हाये, सरकारदरबारी मळकं कसं आणू? पण मळलंच नसतं तं धुतलं कायले असतं?"

कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. दादासाहेबांनी हरकत घेतली, ती घ्यायलाच हवी होती. न्यायाधीश म्हणाले, बाई खरं बोलतात याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण धुतलेल्या कापडावर मला हुकूम देता येत नाही. मनाई नामंजूर झाली. मूळ दाव्यात मी स्वतः जागा पाहायला येईन, एवढं त्यांनी वर लिहिलं.

मी अमरावतीला गेले, नोकरी गेली, आणि ओसरीवर बसून पाढेही घेतले. मेले मात्र नाही. माय भाऊजवळ राहिली. त्या दिवसाबद्दल तिला कोणी शब्दानं बोललं नाही, पण ते धोतर तिनं पुन्हा हातात धरलं नाही. भाऊनं ते आपल्या पिशवीत ठेवलं आणि पिशवीत ते कायमचं राहिलं. पुढं न्यायाधीश खरोखरच गच्चीवर आले, पांढऱ्या पँटीनं कठड्याला टेकले आणि सरळ झाले तेव्हा त्यांना आणखी पुराव्याची गरज उरली नाही. धुराडं आहे त्याच्या कितीतरी पट उंच करावं, असा निकाल झाला. शेठनं ते केलं. मी परत आले, दुसऱ्या शाळेत लागले, आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा आडवी होऊन झोपले. दादासाहेबांनी भर बार रूममध्ये भाऊच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या दृष्टीनं गोष्ट तिथं संपायला हरकत नव्हती.

पण त्याच हिवाळ्यात रेल्वेलाईनच्या पलीकडून गंगूबाई आमच्याकडं आली. जिनात सरकी वाहणारी बाई, नवरा नाही, एक लहान मुलगी. धुराडं वर गेल्यापासून काजळी त्यांच्या वस्तीवर पडून राहिली आणि पोरगी रात्रभर खोकलून राहिली, एवढंच तिनं सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही. भाऊ तिच्याबरोबर गेला आणि परत आला तो जेवला नाही. मला म्हणाला, "सुमे, तुझ्या छातीतला धूर आपण तिच्या पोरीच्या छातीत घातला." मी भडकले. मग काय, धुराडं पुन्हा बुटकं करणार आहेस? तो म्हणाला, नाही, धूरच कमी करायला लावणार. वर नेला म्हणजे नाहीसा झाला असं कोर्टाला वाटलं, अन् एवढं वाचून मलाही वाटलं. आणखी उंच नेला तर पलीकडच्या बाळापूर गावावर पडेल, त्याहून उंच नेला तर कोणाच्या देशात पडेल. ज्या प्रश्नाला विषय नाही म्हणून सांगितलं होतं, तो आता आमच्याच दारात येऊन बसला होता, आणि तो माझ्या निकालातून आला होता.

त्यानं गंगूबाईचा दावा टाकला. तिचं काम गेलं, ते शेठनं दुसऱ्याच दिवशी काढून घेतलं. भाऊची बाकीची पक्षकार मंडळी हळूहळू पांगली. स्वतः जिंकलेल्या निकालाविरुद्ध भांडणाऱ्या वकिलाकडं कोण जाणार? खालच्या कोर्टानं विचारलं, आमच्याच हुकमानं बांधलेलं धुराडं बेकायदा कसं, आणि दावा काढून टाकला. भाऊ अपिलात गेला. मी त्याच्याशी भांडले, तेव्हाही भांडले आणि तो असता तर आजही भांडले असते. लग्न केलं नाहीस, घर केलं नाहीस, सगळं आयुष्य धुरात घातलंस. तो ऐकून घ्यायचा आणि हंगाम आला की बाबांचं धोतर घेऊन लाईन ओलांडायचा. वस्तीतल्या एका छपरावर अंथरायचं, चार दगड ठेवायचे, पंचनामा करायचा. दरसाल. गंगूबाई पुढच्या वर्षासाठी ते धुऊन परत द्यायची, पण त्यानं सांगितल्याशिवाय पाण्यात घालायची नाही.

या वर्षीही त्यानं ते अंथरलं होतं, हे आमच्या ध्यानातच नव्हतं. भाऊ गेला, दिवसवार झाले, तेरवी झाली. दादासाहेब भेटायला आले, फार थकले आहेत. शेठचं वकीलपत्र मी सोडलं, एवढं बोलून गेले. भाऊजवळ काम शिकलेल्या एका तरुण वकिलानं अपील चालवायचं कबूल केलं आहे. काय होईल सांगता येत नाही. ज्या प्रश्नासाठी जगात कुठं कोर्ट आहे की नाही हे भाऊला ठाऊक नव्हतं, तो या पोरानं कसा मांडावा?

मागच्या आठवड्यात गंगूबाई दारात आली. पोरगी आता बरोबरीला आली आहे तिच्या, मायलेकी दोघी होत्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं धोतर तिनं उंबऱ्यावर ठेवलं. "वकीलसाहेब म्हणत, धुवाचं नाई, झटकाचं नाई. पंच बोलावले अन् तसंच आणलं." मी कागद सोडला. धोतर गर्द राखाडी झालं होतं, फक्त चार कोपऱ्यांना, जिथं भाऊनं स्वतःच्या हातानं दगड ठेवले होते, तिथं चार पांढरे गोल राहिले होते.

माय आतून आली. हल्ली तिला कमी दिसतं, पण ते तिला दिसलं. ती खाली बसली आणि तिनं हात पुढं केला. इतक्या वर्षांनी. मी घाबरून म्हणाले, माय, राहू दे ते. तिनं माझ्याकडं लक्षच दिलं नाही. एकेका पांढऱ्या गोलावरून तिनं बोट फिरवलं, मग काजळी आत राहील अशी, अगदी भाऊसारखी, अलगद घडी घातली. त्याची काळी पिशवी खुंटीवर होती, ती मागून घेतली आणि घडी तिच्यात ठेवली. बोटं काळी झाली होती, ती तिनं पुसलीसुद्धा नाहीत.

"पेशी कधी हाये?" तिनं विचारलं. मी सांगितलं, पुढच्या सोमवारी.

"त्या पोराले देजो," ती म्हणाली. "अन् साहेबाले सांग म्हणा, या खेपेले मायनं धुतलं नाई."